हजेरीपटाबाहेरचे हात
(लेण्याद्रीच्या पायथ्याशी दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ व्याख्यान द्यावयाचे त्यांच्याविषयी आरंभी चार गौरवाचे शब्द बोलावेत आणि मग स्वस्थ मनाने आपल्या विषयाकडे वळावे, असा आपल्याकडील व्याख्यानमालांचा रिवाज आहे. तो मोडण्याचे धारिष्ट मी करीत आहे ते अनादराने नव्हे. आज गुरुजी आणि माझा विषय ह्या दोन गोष्टी मला एकमेकींपासून वेगळ्या काढताच येत नाहीत म्हणून. गुरुजींच्या टेबलाच्या खणात दोन वह्या असत. एक सरकारी हजेरीपट, शाईने लिहिलेला आणि खाडाखोड न चालणारा. आणि दुसरी दोऱ्याने शिवलेली, खाकी पुठ्ठ्याची, शिसपेन्सिलीने भरलेली कच्ची वही. दिवाळी सरून ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या मुलखात उतरल्या, की गुरुजी रविवारी कोप्यांवर जात, चुलीपाशी बसत, आणि तेथल्या मुलांची नावे त्या वहीत उतरवून घेत. त्या मुलांपाशी मागच्या शाळेचा दाखला नसे, म्हणून त्यांना हजेरीपटावर जागा नसे. एकदा तपासणीसाठी आलेल्या साहेबांनी ती वही उचलून, ही कोणत्या सदरातली, असे दरडावून विचारले, तेव्हा गुरुजी शांतपणे म्हणाले, “ज्यांना कोणत्याच सदरात जागा नाही, त्यांची.”

मला आज जे सांगावयाचे आहे ते सारे ह्या एका उत्तरात आलेले आहे. बालमजुरीचा प्रश्न हा दारिद्र्याचा आहे असे आपण म्हणतो, आणि ते खरे आहे. तो अज्ञानाचा आहे असेही म्हणतो, आणि तेही काही अंशी खरे आहे. परंतु ह्या दोन मोठ्या शब्दांच्या आड एक लहान, दफ्तरी, रुक्ष वाटणारी गोष्ट दडून राहते. राबणाऱ्या मुलाचे नाव कोणत्याही वहीत नसते. ज्याचे नाव वहीत नाही त्याला वय नसते, कामाचे तास नसतात, अपघात नसतो आणि भरपाईही नसते. हे एकच सूत्र धरून मी बोलणार आहे.

आज सकाळी पायऱ्या चढून गिरिजात्मजाचे दर्शन घेतल्यावर मी शेजारच्या सहाव्या लेण्यातील चैत्यगृहात थोडा वेळ बसलो होतो. कल्याणच्या एका सुवर्णकाराचा पुत्र सुलसदत्त याने हे चैत्यगृह दान दिले, असा लेख तेथे कोरलेला आहे. जुन्नरभोवतालच्या लेण्यांतील शिलालेखांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या, कासारांच्या, बुरुडांच्या श्रेणींचेही उल्लेख सापडतात, आणि आपल्या ह्या डोंगराळ मुलखात कारागिरांना केवढी प्रतिष्ठा होती, असा अभिमान आपल्याला वाटतो. तो वाटावा. मात्र ज्याने द्रव्य दिले त्याचे नाव दोन हजार वर्षे टिकले, आणि ज्यांनी हा कातळ बोट-बोट खोदून आतली कमान गोल केली, त्यांचे नाव पायरीच्या दगडावरही राहिले नाही. खपल्यांच्या पाट्या वाहणारी, बोथट छिन्नी भात्यापाशी पोहोचवणारी कोवळी पोरे त्यांत होती की नव्हती, याविषयी तो लेख अवाक्षर बोलत नाही. आणि जेथे लेख बोलत नाही तेथे आपण सारे काही सुरळीत होते असे धरून चालतो. ही सवय फार जुनी आहे.

ती मोडण्याचा पहिला मोठा यत्न ज्याने केला, त्या पुरुषाचे मूळ गाव आपल्या शेजारच्या खेड तालुक्यातले कन्हेरसर. नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म 1848 साली ठाण्यास झाला. रेल्वे आणि टपाल खात्यांत नोकऱ्या करून ते मुंबईच्या मांडवी भागातील गिरणीत कोठारावरचे कारकून झाले, आणि नोंदवहीत माल चढवता चढवता माणसे कोठे चढवली जातात, हे त्यांनी पाहिले. कृष्णराव भालेकरांनी 1877 साली पुण्यास सुरू केलेले ‘दीनबंधू’ पत्र त्यांनी 1880 मध्ये मुंबईस नेऊन हाती घेतले, आणि जोतीराव फुले यांच्या विचाराचा हा अनुयायी गिरणीकामगारांची बाजू आठवड्यामागून आठवडा मांडू लागला.

त्या काळी गिरणीतील मुलांची स्थिती काय होती, हे त्यांच्या संरक्षणासाठी झालेल्या कायद्यावरूनच समजते. गिरण्यांची चौकशी करणारे मंडळ मुंबई सरकारने 1875 साली नेमले. 1878 मध्ये सोराबजी शापुरजी बंगाली यांनी कायद्याचा मसुदा पुढे आणला. आणि मालकांचा विरोध, तसेच मुंबईच्या स्वस्त सुताने अस्वस्थ झालेल्या लँकेशायरच्या गिरणीवाल्यांची स्वार्थी करुणा, ह्या दोहोंच्या ओढाताणीतून 1881 चा पहिला फॅक्टरी कायदा जन्मास आला. त्याने काय दिले? सात वर्षांच्या आतील मुलास कामावर लावू नये, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलास दिवसाला नऊ तासांहून अधिक राबवू नये! नऊ तास ही सवलत ठरावी, यावरून सवलतीपूर्वीच्या दिवसाची लांबी श्रोत्यांनीच अजमावावी. त्यातही शंभरांहून कमी माणसांच्या कारखान्याला हा कायदा लागूच नव्हता.

सप्टेंबर 1884 मध्ये लोखंडे यांनी कामगारांच्या सभा भरवल्या, आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम आणि महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार, ह्या मागण्यांची आठवण आपण ठेवली आहे. रविवार हा खंडोबाचा वार, हा युक्तिवादही आपल्याला मोठ्या कौतुकाने आठवतो. 10 जून 1890 रोजी ती सुटी मान्य झाली म्हणून आज आपण सारे रविवारी येथे जमू शकलो. परंतु त्याच अर्जात आणखी एक मागणी होती. कामावर असताना जखमी झालेल्या कामगारास बरे होईपर्यंत पगार मिळावा, आणि तो जन्माचा अपंग झाला तर त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी. ही मागणी कायद्यात उतरण्यास 1923 साल उजाडावे लागले, म्हणजे एकोणचाळीस वर्षे लागली. लोखंडे त्यापूर्वीच, 9 फेब्रुवारी 1897 रोजी, प्लेगच्या साथीत लोकांची सेवा करीत असता निवर्तले होते.

पुढचा इतिहास मी भराभर सांगतो, कारण तो आकड्यांचा आहे. 1891 मध्ये किमान वय नऊ झाले आणि मुलांचे तास सात. 1922 मध्ये वय बारा आणि तास सहा. 1948 मध्ये वय चौदा आणि तास साडेचार. सत्तर वर्षांहून कमी काळात सातांचे चौदा झाले. मात्र वयाची ही लढाई ज्या कागदावर लढली गेली, तो कागद फार कच्चा होता. जन्मनोंदीचा दाखला नसलेल्या त्या काळात मुलाचे वय ठरायचे ते मुख्यतः डॉक्टरच्या नजरेने आणि दातांच्या पाहणीने. आणि विशेषतः अहमदाबादेकडे असे प्रकार उघडकीस येत, की एकच मूल सकाळी एका गिरणीत आपल्या दाखल्यावर आणि दुपारी दुसऱ्या गिरणीत परक्याच्या दाखल्यावर राबत आहे. कायद्याने त्याला अर्ध्या वेळेचा कामगार म्हटले होते. व्यवहाराने दोन अर्धांचा एक पूर्ण करून टाकला.

‘अर्धा’ हा शब्द, श्रोतेहो, आपण ध्यानात ठेवावा. कारण तो मला गेल्या पौषात आपल्याच शिवारात पुन्हा भेटला.

पहाटेचे तीन वाजले असतील. कुकडीच्या पाण्यावर पोसलेल्या एका उसाच्या फडावर, ज्यांचा ऊस होता त्यांच्याच सोबतीने, मी गेलो होतो. थंडी हाडात शिरत होती. वीस-बावीस माणसांची टोळी कामाला लागलेली होती. पुरुष बुडखे छाटीत पुढे सरकत होते, बाया वाढे तोडून उसाची आडवी ओळ लावीत होत्या, आणि त्यांच्या मागून दहा-अकरा वर्षांची एक मुलगी चालत होती. दोन वाढ्यांची टोके एकमेकांत पिळून ती बंद तयार करी, तो जमिनीवर अंथरी, ऊस त्यावर रचला गेला की गुडघा मोळीवर दाबून गाठ मारी, आणि पुढच्या मोळीकडे वळे. उसाच्या पात्याने तिच्या मनगटांवर बारीक लाल रेघा उमटलेल्या होत्या. बांधाच्या कडेला गोधडीत गुंडाळलेले तिचे भावंड निजलेले होते, आणि गाठ मारून झाली की दर वेळी ती मान वळवून तिकडे पाही. ते पाहणे मायेचे होते हे खरे. पण त्यात दुसरेही काही होते. जुन्नर वनविभागात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ते समजावून सांगण्याची गरज नाही. बिबट्याची मादी उसातच पिले घालते. फड जसजसा तुटत जातो तसतसे तिचे घर लहान होत जाते. आणि फडाच्या कडेची कोपी म्हणजे कुडाला दार नसलेले घर. माणिकडोहच्या केंद्रात बिबट्यांसाठी पिंजरे आहेत. ह्या मुलांसाठी रात्रीपुरती एक पक्की खोली प्रत्येक गाडीतळावर असावी, हे आपल्याला अजून सुचलेले नाही.

मी त्या मुलीला सहज विचारले, “नाव काय गं तुझं?” ती क्षणभर थांबली, आणि तिने मुकादमाचे नाव सांगितले. कोणी परका माणूस विचारील तर ‘अमक्याची टोळी’ असे सांगावे, ही तिला मिळालेली पढवणूक होती.

नंतर मी त्या टोळीचा हिशेब समजून घेतला. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. उचल ठरते ती कोयत्यावर, आणि फिटते ती तोडलेल्या उसाच्या वजनावर. एक दिवस काम चुकले की खाडा पडतो, आणि तो अंगावरच्या रकमेत धरला जातो. ह्या साऱ्या गणितात त्या मुलीची जागा कोठे? गिरणीतले मूल निदान अर्ध्या वेळेचे तरी होते; ही मुलगी अर्धा कोयताही नाही. तिने बांधलेल्या मोळ्या आईबापांच्या वजनात मिसळतात, उचल दोन दिवस आधी फिटते, आणि तिचे श्रम वजनात उरतात पण वहीत उरत नाहीत. वजनावर मजुरी आणि आगाऊ उचल ह्या दोन गोष्टी एकत्र आल्या, की घरातला प्रत्येक रिकामा हात कामाला जुंपला जाणे हे ओघाने येते. त्यासाठी आईबाप निर्दय असावे लागत नाहीत. उलट, मुलीला गावी ठेवावी तर कोणापाशी, आणि कोपीवर एकटी ठेवावी तर कोणाच्या भरवशावर, ह्या दोन भयांच्या मध्ये सापडलेली आई तिला डोळ्यांसमोर, म्हणजे फडातच, ठेवते.

आता ह्याच फडातून निघालेली गाडी वजनकाट्यावर जाते तेव्हा काय होते ते पाहा. पावतीवर शेतकऱ्याचे नाव येते, गाडीचा नंबर येतो, टोळीचे नाव येते आणि वजन किलोपर्यंत येते. एवढेच नव्हे, तर तो ऊस 86032 आहे की दुसऱ्या जातीचा, लागण आहे की खोडवा, त्याची लागण कोणत्या तारखेची, ह्याची नोंद कारखान्याच्या शेतकी खात्यात मागच्या वर्षीच झालेली असते, कारण तोडणीचा क्रम लागणीच्या तारखेवरून लागतो. सज्जनहो, आपल्या ह्या सुसंघटित, सहकारी, हिशेबी मुलखात उसाचे वय दफ्तरात तारखेनिशी असते. तो ऊस बांधणाऱ्या पोरीचे वय मात्र कोणालाही माहीत नसते. मी हे दोष देण्यासाठी सांगत नाही. ज्यांना उसाची नोंद एवढी उत्तम ठेवता येते, त्यांना माणसांची नोंद ठेवता येत नाही, असे मला कोणी म्हणू नये, एवढाच माझा हेतू आहे.

मूल चौदा वर्षांचे झाले की प्रश्न संपतो, असेही नाही. तेथे तो रूप पालटतो. माझ्या लहानपणी आमच्या आळीत माझ्याहून वर्षाने मोठा असलेला एक सोबती होता. त्यांच्या गोठ्यात कडबाकुट्टी आली, तिला नव्याने मोटार बसवली, आणि सुट्टीच्या दिवशी कडब्याची पेंढी लोटताना ओल्या ताटाबरोबर त्याची दोन बोटे आत ओढली गेली. यंत्राच्या तोंडाशी जे पत्र्याचे झाकण येते ते, पेंढी भराभर जात नाही म्हणून, घरच्यांनीच काढून ठेवले होते. त्या अपघाताची नोंद कोठेच झाली नाही. दवाखान्यात ‘घरी लागले’ असे सांगितले, आणि ते खोटेही नव्हते. पुढे तो उत्तम गवंडी झाला, पण आयुष्यभर कोणाशी हात मिळवताना डावा पुढे करी.

यंत्राला झाकण असावे, कोवळ्या वयाच्या कामगारास धोके समजावून दिल्यावाचून आणि जाणत्याच्या देखरेखीवाचून धोक्याच्या यंत्रावर उभे करू नये, असे 1948 च्या कायद्याने स्पष्ट लिहिले होते. पण तो कायदा कारखान्याच्या फाटकाशी थांबत होता. मळणीयंत्रांनी हात तोडण्याचे प्रकार फार वाढले तेव्हा 1983 साली धोकादायक यंत्रांचा स्वतंत्र कायदा झाला. तो किती खळ्यांपर्यंत पोहोचला, हे खळेवाल्यांनीच सांगावे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन विसांहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला. आपल्याकडील द्राक्षांच्या बागांत आणि टोमॅटोच्या वाफ्यांत पाठीवर पंप घेऊन, तोंडाला नुसता रुमाल बांधून, उलट्या वाऱ्यात फवारणारा सोळा वर्षांचा मुलगा आपण सर्वांनी पाहिलेला आहे, आणि त्याला ‘पोरगं कामाचं आहे’ अशी शाबासकीही दिलेली आहे. नवशिक्याला भय ठाऊक नसते. ते ठाऊक असणे हा वडीलधाऱ्यांचा धर्म आहे, आणि तो शाबासकीने फिटत नाही.

येथे माझ्यासमोर बसलेल्या वृद्ध शेतकऱ्यांच्या मनात एक आक्षेप आला असेल, आणि तो मी हलका मानीत नाही. शेतकऱ्याच्या पोराने मातीत हात घातला नाही तर तो शेतकरी कसा व्हायचा? कुंभाराचे पोर चाकापाशी आणि सुताराचे पोर किंकऱ्यापाशीच शिकत आले. त्यालाही तुम्ही मजुरी म्हणणार काय? मी म्हणणार नाही. जे काम मुलाला काही शिकवते, जे त्याच्या शाळेच्या वेळेला आणि झोपेला हात लावीत नाही, आणि दमल्यावर जे टाकून त्याला खेळायला पळता येते, ते काम हा संस्कार आहे. परंतु हजारावी मोळी पहिल्या मोळीहून काहीही अधिक शिकवीत नाही. 1986 चा बालमजुरीविरोधी कायदा 2016 मध्ये कडक झाला. चौदा वर्षांखालील मुलाला सर्वच कामांत मनाई झाली, आणि चौदा ते अठरा वयाच्यांना खाणी, स्फोटके व इतर धोक्याच्या कामांत. त्यात कुटुंबाच्या उद्योगात, शाळेची वेळ सोडून, धोक्याचे नसलेले हातभाराचे काम करण्याची मुभा ठेवली आहे. ती मुभा फडाला लागू आहे असे सांगणारे लोक मला भेटले. मी त्यांना एवढेच विचारतो की, ज्या कुटुंबाचा ऊस नाही, जमीन नाही, गाडी नाही, आणि कोयत्यावरही उचलीचे ओझे आहे, त्या कुटुंबाचा हा ‘उद्योग’ कोणत्या अर्थाने?

मग करावे काय? मोठ्या योजना आखण्याचा माझा अधिकार नाही; मी वहीपुरतेच बोलतो. पहिली गोष्ट, टोळी गावात उतरली की आठवड्याच्या आत तिच्यातील प्रत्येक मुलाचे नाव, वय आणि मूळ गाव ग्रामपंचायतीने, शाळेने आणि कारखान्याच्या शेती विभागाने मिळून लिहून घ्यावे, आणि तोडणीच्या करारात मुकादमाच्या सहीखाली ती यादी जोडलेली असावी. दुसरी, जी मुले गावीच राहू शकतात त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहांची सोय शासनाने केलेली आहे. ती दिवाळीनंतर नव्हे, टोळी निघण्यापूर्वी सुरू झाली तरच तिचा उपयोग. तिसरी, जी येतात त्यांच्यासाठी गाडीतळावर दार लागणारी एक खोली, दिवा, आणि लहान भावंडे सांभाळणारी एक बाई. कारण पाळणा हलवणारी दुसरी कोणी असल्यावाचून थोरली बहीण शाळेत जाऊ शकत नाही. चौथी, कडबाकुट्टी असो, मळणीयंत्र असो की फवाऱ्याचा पंप, अपघात ‘घरी’ झाला तरी त्याची नोंद गावाने ठेवावी. काढून ठेवलेले झाकण पुन्हा बसवावे असे माणसाला केव्हा वाटते? शेजारच्या आळीत कोणाची बोटे गेली, हे लिहिलेले वाचतो तेव्हा.

आणि शाळेने मुलाला दाखल्यासाठी अडवू नये. ही माझी विनंती नव्हे. 1 एप्रिल 2010 पासून तो कायदा आहे. शिक्षणहक्काच्या त्या कायद्याने सांगितले की मागच्या शाळेचा दाखला नाही, वयाचा पुरावा नाही, एवढ्या कारणास्तव मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही, आणि त्याला त्याच्या वयाला साजेशा वर्गात बसवले पाहिजे. म्हणजे जी वही हाती धरून साहेबांनी सदर विचारले होते, ती गुरुजींची कच्ची वही देशाच्या संसदेने पक्की केली. हे पाहावयास गुरुजी राहिले नाहीत.

ती वही त्यांच्या घरच्यांनी मला दाखवली. शिसपेन्सिलीची अक्षरे पुसट झाली आहेत, तरी वाचता येतात. प्रत्येक पानावर तीन रकाने आहेत: नाव, गाव, आणि तिसऱ्याला मथळा नाही. त्या तिसऱ्या रकान्यात कोठे ‘पाढे दहापर्यंत’, कोठे ‘बाराखडी झाली’, तर कोठे ‘चित्र चांगले काढते’ असे लिहिलेले आहे. आणि चैत्रात टोळी परतताना बहुतेक नावांपुढे एकच शब्द आहे, ‘गेली’. एका पानावर मात्र मुकादमाचे नाव लिहून त्यावर काट मारलेली आहे, आणि त्याखाली वळणदार अक्षरांत एका मुलीचे नाव. कोप्यांपाशी चुलीजवळ बसलेल्या गुरुजींनाही पहिल्यांदा तेच उत्तर मिळाले असावे जे मला फडात मिळाले. फरक एवढाच की, मी ते उत्तर ऐकून परत आलो. गुरुजींनी पुन्हा विचारले.

उद्या सोमवार आहे, आणि गळिताचा हंगाम चालू आहे. आपल्यापैकी ज्यांचा ऊस ह्या आठवड्यात तुटणार आहे, त्यांनी फडावर जाताना एक वही सोबत न्यावी, आणि पहिल्या उत्तरावर थांबू नये, एवढे मागून मी आपली रजा घेतो.